ओहायो राज्य विरुद्ध अरविंद

॥ श्री ॥

व्हँकुव्हर
६ जानेवारी २०२५

चि. क्षितिज यास,
शीलाआत्याचे अनेक आशीर्वाद. ऊर्मीला आणि केयालाही वाटून दे, पण मोठा वाटा केयाचा.

कानातलं नवं मशीन आलं, तरी फोनवर मला अजून अर्धंच ऐकू येतं. परवा रविवारी तू दहा मिनिटं बोललास, त्यातलं मला 'विंटर टायर्स' आणि 'बघू या' एवढंच कळलं. टायर्सचं मी समजू शकते. 'बघू या' कशाबद्दल होतं, ते कागदावर लिही. वाचता मला छान येतं.

गुडघा दुखतोच आहे. ऑपरेशनची तारीख चौदा महिन्यांनी एकदाची एप्रिलमधली मिळाली. मंडळाच्या संक्रांतीला अडीचशे तिळाचे लाडू करायचं कबूल करून बसले आहे, त्यामुळे आता मनगटही दुखणार.

आता मुद्द्यावर येते. माझ्या दादाचं, म्हणजे तुझ्या बाबांचं, हृदय पंचवीस टक्क्यांवर चाललंय. हे त्याने मला सांगितलेलं नाही. वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या राजनने डॉक्टरांच्या कागदाचा फोटो पाठवला. दादाला विचारलं की तो नागपुरात थंडी किती पडली ते सांगतो. फाटकापर्यंत जाऊन येताना दोनदा बसतो, हेही राजनकडूनच कळलं.

तू शेवटचा गेलास त्याला तीन वर्षं झाली. आधी प्रोजेक्ट होतं, मग केयाची शाळा, मग ऊर्मीची परीक्षा. दिवाळीत तू तिकिटं बघत होतास. एवढा वेळ बघत बसण्यासारखं त्या तिकिटांवर लिहिलंय तरी काय? ऊर्मी सांगत होती की तू हल्ली बेसमेंटमध्येच असतोस, जेवायला दोनदोनदा हाका माराव्या लागतात. नोकरी गेली का? गेली असेल तर सांग, लाज कसली त्यात. मी मार्चच्या सुरुवातीला नागपूरला जाते आहे. तूही येशील असं दादाला सांगून मोकळी झाले. मला खोटं पाडू नकोस.

माया आहे तेवढीच आहे, उत्तराला उशीर झाला तर कमी होईल,
तुझी शीलाआत्या


मिल्टन
१९ जानेवारी २०२५

ती. स्व. शीलाआत्यास,
क्षितिजचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर लिहायला तीनदा बसलो आणि तिन्ही वेळा उठून दारातला बर्फ शोव्हल करायला बाहेर गेलो. आमच्या गल्लीत सध्या सगळ्यात स्वच्छ ड्राइव्हवे माझा आहे. नोकरी गेलेली नाही. जे आहे ते लिहितो. ऊर्मीला गेल्या महिन्यात सांगितलं, तिच्यानंतर तूच. बाबांना सांगणार नाहीस असं आधी कबूल कर आणि मगच पुढे वाच.

२००७ चा ऑक्टोबर. ओहायोत माझं मास्टर्सचं दुसरं वर्ष. चौघांत एक जुनी गाडी घेतली होती, लायसन्स मिळून दोन महिने झाले होते. संध्याकाळी एका चौकात डावीकडे वळताना रस्ता ओलांडणाऱ्या एक वयस्कर बाई मला दिसल्याच नाहीत. गाडी लागून त्या पडल्या. आणि आत्या, मी थांबलो नाही. निघून गेलो. का, ते आजही सांगता येत नाही. दोनेक मैलांवर एका पेट्रोल पंपाशी गाडी वळवली आणि परत आलो. तोवर अँब्युलन्स आली होती. पोलिसाजवळ जाऊन मी सांगितलं की गाडी मीच चालवत होतो. त्याने तिथेच बेड्या घातल्या.

गंभीर गुन्ह्याला तिकडे फेलनी म्हणतात. जखमी माणसाला टाकून पळणं ही फेलनी. दोन दिवस काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, कोठडीत होतो. कोर्टाने वकील दिला, चार महिने तारखा पडल्या. मग फेब्रुवारीत वकिलाचा फोन आला की सरकारने खटला मागे घेतलाय, डिसमिस झाला, आता अभ्यास कर. मी 'का' असं विचारलं नाही, 'कसं' असं विचारलं नाही, कागद मागितला नाही. मला फक्त पळायचं होतं, दुसऱ्यांदा.

आता इथे कॅनडात कायमच्या रहिवासासाठी अप्लाय केलं तेव्हा अमेरिकेतलं पोलीस रेकॉर्ड मागवावं लागलं. बोटांच्या ठशांवरून निघालेल्या त्या कागदावर अटक आहे, गुन्ह्याचं नाव आहे आणि निकालाचा रकाना कोरा आहे. वर्क परमिटच्या फॉर्मवर मी हे सगळं खरं लिहिलं होतं, तेव्हा कुणी पुरावा मागितला नाही. आता इमिग्रेशनचं पत्र आलंय की साठ दिवसांत कोर्टाची सही-शिक्क्याची प्रत पाठवा. त्यांच्या लेखी मी अजून आरोपी आहे. परमिटही पुढच्या महिन्यात संपतंय. वाढवायला दिलंय, निर्णय येईपर्यंत इथे राहून काम करता येतं. पण एकदा देशाबाहेर पडलो तर परत आत घेतील याची खात्री माझी वकील देत नाही. 'बघू या' ते याबद्दल.

ती काउंटी इथून गाडीने पाच तासांवर आहे. रेकॉर्ड रूमच्या खिडकीशी स्वतः जाऊन उभा राहिलो तर दिवसभरात काही कळेल. पण सीमा ओलांडता येत नाही. वेबसाइटवर २०१० च्या आधीच्या केसेस नाहीत, त्या मायक्रोफिल्मवर आहेत. केस नंबर द्या म्हणतात, तो माझ्याकडे नाही. नावावरून शोधायचं तर टपालाने अर्ज करायचा आणि आपला पत्ता लिहून, अमेरिकन तिकीट लावलेलं पाकीट जोडायचं. मिल्टनमध्ये अमेरिकन तिकिटं कुठून आणू? ऑफिसमधला एकजण बफेलोला जाणार होता, त्याच्याकडून मागवली. तो म्हणाला, छंद म्हणून जमवतोस का. मी हो म्हणालो.

रागावलीस तरी लिहायचं थांबवू नकोस, एवढंच मागणं,
तुझा क्षितिज


व्हँकुव्हर
२८ जानेवारी २०२५

चि. क्षितिज यास,
आत्याचे आशीर्वाद, नेहमीपेक्षा जास्त.

दादाला सांगणार नाही. कबूल.

रागावले आहे. पळालास म्हणून नाही, तेवीस वर्षांचा पोर होतास आणि परत वळलास. पण सतरा वर्षं हे एकट्याने उरावर घेऊन हिंडलास, लग्नात हसून फोटो काढलेस, माझ्याकडे येऊन माझ्या हातच्या पुरणपोळ्या खाल्ल्यास, आणि एका शब्दाने बोलला नाहीस, याचा राग येतोय. शिवाय तू चौक लिहिलास, पेट्रोल पंप लिहिलास, पाकिटावरचं तिकीटसुद्धा लिहिलंस. त्या बाईंचं पुढे काय झालं ते लिहिलं नाहीस. मला वाटतं, तुला माहीतच नाही.

असो. आता काम. मी एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात काढली आहेत. फाइल क्वचितच हरवते. बहुतेक वेळा ती चुकीच्या नावाखाली निवांत पडलेली असते. आपली नावं इथल्या लोकांच्या हातून कशी निघतात ते मी पाहिलंय. माझ्या पहिल्या ओळखपत्रावर मी चार महिने 'शेली' होते. तेव्हा आपलं 'नाफडे' आडनाव जितक्या प्रकारे चुकू शकतं तितके अर्ज कर. तारखेत एक वर्ष मागे, एक वर्ष पुढे शोधायला सांग. फोन करशील तेव्हा समोरच्या बाईचं नाव विचारून घे आणि पुढच्या वेळी तिलाच माग. आणि नुसता निकाल मागू नकोस, पूर्ण फाइल माग. निकालाच्या कागदावर काय झालं ते असतं. का झालं, ते आतल्या पानांवर असतं.

ऊर्मीची हाक आली की पहिल्याच हाकेला वर जात जा. आठवण ठेव, मीही ठेवते,
शीलाआत्या


मिल्टन
१० मार्च २०२५

ती. स्व. आत्यास,
क्षितिजचा शि. सा. न. वि. वि.

तू नागपूरला पोचली असशील म्हणून हे तिकडेच कुरिअर करतो आहे. बाबांच्या हाती देऊ नकोस.

तू सांगितलंस तसं केलं. काउंटीतल्या बाईंचं नाव डोना. आवाजावरून तुझ्याच वयाच्या वाटतात, कंटाळत नाहीत. 'नाफडे'ची चार स्पेलिंगं पाठवली, प्रत्येकाचा वेगळा अर्ज. चारही उत्तरं आली: या नावाची नोंद आढळली नाही. त्यावर सुंदर शिक्का आहे. मला क्षणभर वाटलं, सुटलो. वकील म्हणाली की हे जास्त वाईट आहे. एका सरकारी कागदावर मला अटक झालेली आहे आणि दुसऱ्या सरकारी कागदावर मी तिथे कधी नव्हतोच. इमिग्रेशनला दोन्ही नकोत, त्यांना निकाल हवा. माझा तेव्हाचा वकील शोधला, तो वारला आहे. मुदत एकदा वाढवून मिळाली, ३० एप्रिलपर्यंत. पुन्हा वाढणार नाही.

परवा केयाला नायगारा दाखवायला नेलं. पलीकडच्या, अमेरिकेच्या काठावरची माणसं स्पष्ट दिसत होती, त्यांच्या रेनकोटांचे रंगसुद्धा. केया धबधबा बघत होती, मी त्या माणसांकडे बघत होतो. तिने इंग्रजीत विचारलं की आपण ब्रिजवरून पलीकडे का जात नाही. मी म्हणालो, थंडी आहे.

बाबा फोनवर कधीच ये म्हणत नाहीत. म्हणाले असते तर निदान चिडता आलं असतं. केयाला विचारतात की शाळेत काय झालं. ती इंग्रजीत सांगते, ते मराठीत शाबासकी देतात, आणि मला म्हणतात की काळजी घे, गाडी जपून चालव. हे ते सतरा वर्षं म्हणताहेत.

आता आणखी कुठलं नाव देऊन बघू, सुचत नाही. तुला सुचलं तर कळव. तिथे आहेस हाच मोठा आधार आहे,
क्षितिज


नागपूर
२७ मार्च २०२५

चि. क्षितिज यास,
आत्याचे आशीर्वाद.

मी शब्द मोडला. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट वाचशील. कागदाचा फोटो राजनने तुझ्या फोनवर पाठवलाच आहे. फोटोबरोबर जे जाऊ शकत नाही, त्यासाठी हे पत्र.

दादाला आता आडवं झोपता येत नाही. खुर्चीत उशा लावून बसवतो. सोमवारी दुपारी मी त्याला मोसंबी सोलून देत होते. त्याने मला विचारलं की क्षितिजचा माझ्यावर कसला राग आहे, तुला ठाऊक असेल तर सांग, म्हणजे निदान माफी मागता येईल. मला ते ऐकवलं नाही रे. मी सगळं सांगून टाकलं. ओहायो, बाई, कोठडी, साठ दिवस, डोना.

तो फोड चघळत राहिला. मग म्हणाला की कपाटाचा खालचा खण उघड, निळी फाइल काढ. मला वाटलं घराची कागदपत्रं असतील. आत परदेशी शिक्क्यांचं एक लांब पाकीट होतं, २००८ च्या मार्चमधलं. कोर्टाने तुझ्या निकालाची प्रत टपालाने पाठवली होती, आणि पत्ता तुझ्या पासपोर्टवरचा, म्हणजे या घराचा. क्षितिज, दादाला सतरा वर्षं माहीत आहे.

कागदावर वरच लिहिलंय, ओहायो राज्य विरुद्ध अरविंद. तुझ्या नावापुढचं बापाचं नाव त्यांनी आडनाव म्हणून घेतलं आणि खरं आडनाव सोडून दिलं. तू नाफडेच्या चुका शोधत बसलास. नाफडे तिथे नव्हतंच. दादा म्हणाला की पाकीट उघडलं तेव्हा पहिल्यांदा त्याला वाटलं, खटला आपल्यावरच भरलाय. मग म्हणाला की पुढे तसंच वाटत राहिलं.

मी त्याच्यावर चिडले. विचारलं की एकदा तरी पोराशी का बोलला नाहीस. तो म्हणाला की डिसमिस म्हणजे काय ते एका ओळखीच्या वकिलाकडून नीट समजून घेतलं होतं. त्या जूनमध्ये तू घरी आलास तेव्हा तो रोज संध्याकाळी व्हरांड्यात दोन खुर्च्या टाकून बसायचा. तू येऊन बसायचास आणि नोकऱ्यांबद्दल बोलायचास. त्याने विचारलं असतं तर तू खोटं बोलला असतास, असं त्याला वाटलं. आणि ते खोटं मग दोघांनाही आयुष्यभर सांभाळावं लागलं असतं. म्हणून वाट पाहिली. वाट पाहण्याची सवय झाली की माणूस विचारायचं विसरतो, असंही म्हणाला.

केस नंबर डाव्या कोपऱ्यात आहे. डोनाला आजच फोन कर.

दुसरी गोष्ट. फोनवरच्या त्याच्या आवाजावर जाऊ नकोस. तुझा फोन यायच्या आधी तो पंधरा मिनिटं गप्प बसून दम साठवतो. डॉक्टर आता महिन्यांची भाषा करत नाहीत. माझं तिकीट ११ एप्रिलचं आहे. मी थांबते म्हटलं, तर दादा ओरडला की गुडघ्याची तारीख सोडलीस तर पुन्हा चौदा महिने. त्या ओरडण्याने त्याला अर्धा तास धाप लागली, म्हणून मी जायचं कबूल केलं.

शब्द मोडल्याची शिक्षा काय द्यायची ती दे, पण माझ्यावरचा जीव काढू नकोस,
शीलाआत्या


मिल्टन
१८ एप्रिल २०२५

ती. स्व. आत्यास,
क्षितिजचा शि. सा. न. वि. वि. ऑपरेशन नीट झालं, हे ऊर्मीकडून कळलं. चालायची घाई करू नकोस.

शिक्षा कसली देणार. फोटो आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये होतो. वर बाबांचं नाव वाचलं आणि गाडीतच बसून राहिलो, मीटिंग चुकली.

नंबर दिल्यावर डोनाला फाइल त्याच दिवशी सापडली. सही-शिक्क्याची प्रत नवव्या दिवशी दारात. पूर्ण फाइलही आली, एकेचाळीस पानं. तू म्हणालीस ते आतल्या पानांवर होतं. बाईंचं नाव लोइस हार्मन, वय ब्याऐंशी. खुब्याचं हाड मोडलं होतं. त्यांनी सरकारी वकिलाला स्वतः सांगितलंय की 'तो मुलगा आपणहून परत आला. स्ट्रेचरशेजारी उभा राहून त्याने माझा पडलेला बूट उचलून दिला आणि तो रडत होता. मी नाताळला वॉकर घेऊन चर्चला गेले. याच्यावर गुन्हेगार म्हणून शिक्का बसावा अशी माझी इच्छा नाही.' आत्या, बूट उचलल्याचं मला आठवतही नाही. त्यांना पत्र लिहावं म्हणून शोधलं. त्या २०१६ मध्ये गेल्या. मी विचारलं असतं तर आठ वर्षं वेळ होता.

प्रत इमिग्रेशनला पाठवली. वकील म्हणते की आता दोन-तीन महिने फक्त वाट बघा आणि काही झालं तरी देश सोडू नका. मी बुधवारी निघतोय. परमिटचा निर्णय अजून नाही, त्यामुळे परत येताना काय होईल ते कुणी सांगू शकत नाही. ऊर्मीला वाटलं होतं मी तिची परवानगी मागेन. मी मागायच्या आत ती म्हणाली की तू इथे राहिलास तर मी रोज जेवायला हाक मारीन, पण तू बेसमेंटमधून कधीच वर येणार नाहीस. जा. मग दाराआड जाऊन रडली, ते मला ऐकू आलं.

केयालाही सांगितलं. अकरा वर्षांची आहे, कळेल असं वाटलं. मी तुरुंग, कोर्ट, सगळं समजावून सांगत होतो. तिने मधेच थांबवून एकच विचारलं, वॉज द लेडी ओके? मला उत्तर देता आलं, एवढंच बरं झालं.

तुझा आशीर्वाद या वेळी खरंच हवा आहे,
क्षितिज


नागपूर
८ जून २०२५

ती. स्व. आत्यास,
क्षितिजचा शि. सा. न. वि. वि.

बाबांचे दिवस पार पडले. राजनने सगळी धावपळ केली. इथे चव्वेचाळीस अंश आहे, कूलरमध्ये पाणी भरणं हाच दिवसभराचा उद्योग. तू येऊ शकली नाहीस याचं वाईट वाटून घेऊ नकोस. त्यांनी तुझ्या गुडघ्याची चौकशी शेवटच्या आठवड्यातही केली होती.

ऊर्मीने इमिग्रेशनचं पत्र स्कॅन करून पाठवलं. कोर्टाची प्रत मान्य, त्या बाबतीत आता काही नको. पण मी बाहेर असताना जुन्या परमिटवर परत जाता येत नाही. नव्याने अप्लाय केलंय, किती दिवस लागतील ते लिहिलेलं नाही. ऑफिसने ऑगस्टपर्यंत बिनपगारी रजा दिली, पुढचं पुढे. म्हणजे आधी तिकडे अडकलो होतो, आता इकडे. केया रोज स्क्रीनवर विचारते, एनी न्यूज? मी नाही म्हणतो. थंडी आहे असं आता सांगत नाही.

तुला एक सांगायचं राहिलं होतं, फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. बाबांबरोबर मला चोवीस दिवस मिळाले. मी पोचलो त्या दुपारी ते खुर्चीत बसले होते, नवा शर्ट घातला होता. मी पाया पडलो आणि म्हणालो की तुम्हाला सगळं माहीत आहे. ते म्हणाले की कागदावरचं माहीत आहे, तू सांग.

मी सांगायला लागलो. कुठली गाडी, किती वाजले होते, कुठला चौक. ते डोळे मिटून ऐकत होते. बाई पडल्या, मी थांबलो नाही, हेही सांगितलं. पेट्रोल पंपापर्यंत आलो तर त्यांचा श्वास संथ झाला होता, झोप लागली होती. मी थांबलो. खरं सांगू? मला हायसं वाटलं. वाटलं, एवढं पुरे, आता पुढचं सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना चमच्याने चहा पाजत होतो. अर्धा कप झाल्यावर त्यांनी माझा हात धरून थांबवला. म्हणाले की तू गाडी मागे वळवलीस, तिथपर्यंत मी ऐकलंय. तिथून पुढे सांग.

आता वडीलधारं माझं तूच उरलीस, तेव्हा रागावत राहा,
तुझा
क्षितिज